बटण काढायचं म्हणतायत, आग्नेल

आग्नेल, परवा तुझी शोकसभा झाली आणि मी तिथून मध्येच उठून चालती झाले. तू असतास तर तूही उठला असतास, फक्त जाताना दोन खुर्च्या आडव्या करून गेला असतास.

सातव्या दिवसाची मिस्सा संपली आणि लोक चर्चमधून सरळ शाळेच्या हॉलमध्ये आले. पुढे टेबल, टेबलावर तुझा फोटो, कुठल्या तरी लग्नातला, गळ्यात टाय. टाय घातलेलं तुला मी पहिल्यांदाच पाहिलं. मग एकेक जण उठून बोलायला लागला. "अत्यंत शांत, मितभाषी व्यक्तिमत्त्व." "कधी कुणाचं मन दुखावलं नाही." "सर्वांना बरोबर घेऊन जाणारा माणूस." मी शेजारी बघितलं, मागे बघितलं. हॉलमधल्या निम्म्या लोकांनी तुझ्या शिव्या खाल्लेल्या, आणि तीच माणसं माना डोलावत होती! शांत? तू? चहात साखर कमी पडली तर मालवणचा बाजार डोक्यावर घेणारा तू? फादरांशी तू कर्ण्याच्या आवाजावरून भांडलास, शेजाऱ्याशी त्याच्या माडाच्या झावळांवरून भांडलास, आणि आपल्या वेबसाइटच्या दुकानात समोरासमोर बसून माझ्याशी तर रोजच. मेलेला माणूस शांत असतो हे मान्य. पण म्हणून तो आधीपासूनच तसा होता, असं कुणी का सांगावं?

तरी मी गप्प बसले. शोकसभेत थोडं खोटं बोलायची रीत आहे, तेवढं चालतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला तो त्यानंतर.

पर्यटन समितीचे अध्यक्ष उठले. त्यांनी भिंतीवर प्रोजेक्टर लावला आणि भिंतीवर आपलं वेबसाइटचं पान आलं. आपलंच! तारकर्लीचा नकाशा, नकाशावर विहिरींचे निळे ठिपके, ठिपक्यावर बोट ठेवलं की त्या विहिरीच्या खारेपणाचा आलेख. वर मोठ्या अक्षरात 'कै. आग्नेल स्मृती जलदर्शन', तळाला तुझा तो टायवाला फोटो. आणि जिथे आपलं बटण होतं तिथे काही नाही. मोकळी जागा.

"हा नमुना आहे," अध्यक्ष म्हणाले. "पान आम्ही जरा सुटसुटीत करतोय. एकाच विहिरीचे दोन-दोन आकडे बघून माणूस गोंधळतो. त्यापेक्षा एकच अधिकृत माप राहील. आणि हीच आग्नेलला खरी श्रद्धांजली ठरेल." मग माझ्याकडे वळून, हसून, "वैनी, खऱ्या पानावर काय तो बदल तुम्हीच करून देतलास."

तळपायाची आग मस्तकात गेली.

तुला सांगायला नको, पण मला ते एकदा सरळ सांगू दे, कारण त्या हॉलमध्ये ते फार वाकडं करून सांगितलं गेलं. ते बटण म्हणजे त्या पानाचा जीव होता. आलेख तोच, विहीर तीच, पण त्या जोडबटणातलं एक किंवा दुसरं दाबलं की मापं कुठून घ्यायची ते बदलायचं. एका बाजूला सरकारी भूजल कार्यालयाची मापं. त्यांचा माणूस पावसाळ्यानंतर येतो, तेव्हा विहिरी तुडुंब असतात, पाणी गोडच लागतं. ती मापं खोटी आहेत असं तूही कधी म्हणाला नाहीस. दुसऱ्या बाजूला तुझी मापं. तू दर महिन्याला स्कूटरवरून वाडीभर फिरायचास, प्रत्येक विहिरीत खारेपणाचा मीटर बुडवायचास, वैशाखातसुद्धा, जेव्हा विहिरीचा तळ दिसायला लागतो आणि खालून समुद्र आत शिरतो. कार्यालयाची रेघ बघताना बटण दाबावं आणि डोळ्यांदेखत ती तळातून उठून वर चढत जावी. ते बघताना लोक उठून स्क्रीनजवळ यायचे.

आणि ती रेघ तशी चढावी म्हणून तू माझा किती जीव खाल्लास ते आठवतं का? आलेख काढणारी तयार प्रणाली आपण वापरत होतो, तिची एक खोड होती. जी मापं येतील त्यांच्यापुरती ती कडेची आकड्यांची उभी पट्टी ताणायची किंवा आखडायची. कार्यालयाची मापं आली की पट्टी छोटी, तुझी आली की मोठी. त्यामुळे स्रोत बदलला तरी चित्र जवळजवळ तेच दिसायचं. दोन्हीकडे सारखाच डोंगर, बदलायचे ते फक्त कडेचे बारीक आकडे. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तू स्क्रीनवर बोट आपटलंस.

"गो शैले, बटण दाबलंय मा मी? मगे चित्र कित्याक बदालला नाय?"

"आकडे बदालले. कडेक बघ."

"कडेक कोण बघता? माणूस डोंगर बघता! पट्टी बांधून घाल. स्रोत बदलांदे, पट्टी बदलूची नाय."

"मगे ऑफिसाची रेघ तळाक जातली. सपाट. लोक म्हणतले, पान बिघाडला."

"म्हणांदेत! सपाट आसा तर सपाट दाखव. तिका डोंगर करून तुका काय बक्षीस गावतला?"

वर मला ऐकवलंस, "फोंडाघाटची माणसां तुम्ही, गोड्या पाण्यात वाढललां. खारा वर चढता म्हणजे काय, ता तुका कळाचा नाय." माझ्या माहेरावर गेलास तो गेलास! मी बरेच दिवस तुझ्याशी कामापुरतंच बोलले. पण पट्टी बांधून दिली. तुझ्या वैशाखातल्या मापाएवढी उंच पट्टी, आणि तिच्या तळाशी कार्यालयाची सपाट रेघ. ते देतानाही मी तुला बजावलं होतं की बाबा रे, एवढ्या उंच पट्टीच्या तळाशी सपाट रेघ बघून कुणालाही वाटेल, वा, काय गोड पाणी! तू हसलास. "बटण आसा मा," म्हणालास. "बटण आसा तवसर भिऊचा काम नाय."

आता बघ काय झालं. परवा भिंतीवर तुझी ती उंच पट्टी जशीच्या तशी होती. भांडून मिळवलेली तुझी पट्टी त्यांनी ठेवली आणि बटण तेवढं काढलं. एवढ्या मोठ्या पट्टीच्या तळाशी ती एकुलती एक रेघ अशी निवांत पडलेली की बघणाऱ्याला वाटावं, तारकर्लीत समुद्रच नाही. तुझंच हत्यार घेऊन तुलाच कापलं, आणि खाली तुझा फोटो लावला! मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

हे सगळं कशासाठी, तेही तुला कळू दे. वाडीच्या वरच्या अंगाला एक मोठं लॉजिंग येतंय, तरणतलाव असलेलं. त्यांना खोल बोअर मारायच्या आहेत. त्या बोअर गोडं पाणी खेचायला लागल्या की खालच्या अंगाच्या विहिरींत समुद्र कायमचा मुक्कामाला येणार, हे तू गेली दोन वर्षं बोंबलून सांगत होतास. या ग्रामसभेत बोअरची परवानगी निघायची आहे आणि तिथे लोकांपुढे हेच पान ठेवायचं आहे. त्या दिवशी पानावर बटण असेल तर प्रश्न विचारले जातील. नसेल तर कोण विचारतंय?

म्हणून मी सभेत उभी राहिले. "अध्यक्षांनू, आग्नेलाची मापां खंय गेली?"

अध्यक्ष एकदम कचेरीतल्या मराठीत शिरले. "असं बघा वैनी, भावना आम्ही समजू शकतो. पण ती मापं पुढे घेणार कोण? तो स्रोत आता राहिलेला नाही. बंद पडलेल्या स्रोताची जुनी मापं किती दिवस दाखवत बसायचं?"

तो स्रोत आता राहिलेला नाही. तुझ्या फोटोसमोर उभं राहून, फुलांचा वास येत असताना, असं वर तोंड करून म्हणाले! नळाला पाणी येत नाही म्हणून सांगावं तसं.

मी पुढचं बोलणार तेवढ्यात पहिल्या रांगेतून तुझी बहीण रोझी वळली. काळ्या कपड्यांत, डोळे सुजलेले. "शैलाताई, बस गो," म्हणाली. "आग्नेल गेलो. आता भांडण कित्याक?"

तिला काय बोलणार? तिच्या घरी पाहुण्यांच्या तीन खोल्या आहेत, त्यावर तिचं घर चालतं. गावचं पाणी खारं असं पानावर दिसलं तर पाहुणा शेजारच्या गावी जाईल ही तिची भीती काही खोटी नाही. मला ती कळते. कळते म्हणून राग कमी होत नाही. मी पर्स उचलली आणि बाहेर आले.

रागाचंच बोलतेय तर तुझ्यावरचा रागही ओतून टाकते. छातीत जळजळतंय म्हणत होतास ना? मग सोडा कसला पितोस? मी सांगितलं, कुडाळला जाऊन दाखव. रोझीनं सांगितलं. "गॅस आसा," एवढं बोलून तू विषय मिटवलास. अख्ख्या गावाला दोन-दोन स्रोत ताडून बघायला शिकवणारा माणूस, आणि स्वतःच्या छातीच्या बाबतीत एकच स्रोत, तुझं स्वतःचं मत! डॉक्टर नको, तपासणी नको. तुझ्यासारखा हेकट मूर्ख मी दुसरा बघितला नाही, आणि आता कुणाला सांगायचं ते? समोरची खुर्ची रिकामी आहे. गिऱ्हाईक आलं की तिच्यावरच बसतं, आणि मला त्याला उठवावंसं वाटतं.

त्यात आपण भांडलेले असताना तू गेलास. ते तिसऱ्या बटणाचं भांडण. मापं घेऊन तुझं समाधान होईना, तेव्हा तुझ्या डोक्यात आलं की जिभेलाही विचारायचं. घरोघरच्या विहिरीपाशी जाऊन एकच प्रश्न, तुमच्या बावेचं पाणी कसं लागतं, गोड, मचूळ की खारट? आणि संध्याकाळी तू दुकानात आलास तो लालबुंद होऊन.

"आख्खी वाडी गोडी!" तू हेल्मेट टेबलावर आदळलंस. "एक माणूस खारा म्हणूक तयार नाय!"

मी हसत सुटले, आणि तू आणखी भडकलास. पण तू काय अपेक्षा केली होतीस? आल्यागेल्याला गूळ-पाणी देणारी माणसं आपण. आपल्या बावेला खारट म्हणणं म्हणजे आपल्याच घराला नाव ठेवणं. ज्यांच्याकडे डाळ शिजत नाही म्हणून वरच्या वाडीतून कळशी येते तेही म्हणाले, गोड. रोझीनं तर तुला बाटलीतल्या पाण्याचा चहा दिला, कारण बावेच्या पाण्यात दूध फाटतं, आणि तो कप तुझ्या हातात ठेवतच म्हणाली, "आमच्या बावेचा? गोडा आसा."

मी म्हटलं, सोडून दे हे, अशा उत्तरांचा काय उपयोग. तू म्हणालास, नाही, हेच हवं. तिसरं बटण करायचं, आणि शब्द त्याच उभ्या पट्टीवर बसवायचे. गोड तळाला, मचूळ मध्ये, खारट वर. म्हणजे मापाची रेघ वर आणि माणसाचा शब्द खाली, हे एका नजरेत दिसेल. मी म्हटलं, आकड्यांच्या पट्टीवर शब्द बसत नाहीत. मचूळ किती उंच ठेवायचं हे कोण ठरवणार? जन्मभर मचूळ प्यायलेल्या बाईला तेच गोड लागतं.

"ताच तर दाखवूचा आसा!"

"मगे पट्टी येगळी घाल. ह्या पट्टीर नको."

"पट्टी येगळी केलंस तर ताडून कशी बघतली माणसां? तुझा डोक्या म्हणजे नुसता मशीन आसा गो."

"आणि तुझा म्हणजे नुसतो भोंगो."

तू हेल्मेट उचललंस, अर्धा चहा तसाच टाकलास आणि गेलास. तिसरं बटण अर्धवटच राहिलं. दाबलं की विहिरीच्या नावाखाली नुसता शब्द येतो, पट्टी नाही, काही नाही. त्याच आठवड्यात तूही गेलास. मला अजूनही वाटतं की माझंच बरोबर होतं. हे मी तुझ्या शवपेटीपाशी उभी असतानाही मनात म्हणत होते, आणि रडतही होते.

तुझं देणं मात्र नाकारता येत नाही. तू येईपर्यंत मी हॉटेलांची पानं बनवायचे. खोल्यांचे फोटो, माशांचं ताट, नारळाची झाडं. आकडा आला की तो सुंदर दिसावा एवढंच मला कळायचं. ह्यो आकडो कोणी मापलो, कधी मापलो, हे विचारायची खोड तू लावलीस. आता मी बातम्यांतल्या पावसालाही तेच विचारते, डॉक्टरच्या रिपोर्टलाही तेच विचारते. नवरा वैतागतो. म्हणतो, आग्नेल गेला पण आमच्या घरात राहायला आला. येऊ दे. तेवढं तरी येऊ दे.

काल सकाळीच अध्यक्षांचा फोन आला. बटण कधी काढताय? मी म्हटलं, नाही काढत. मग समजावणी झाली, मग आवाज चढला, मग "गावाच्या विरोधात जाताय" हेही झालं. मी म्हटलं, स्रोत बंद पडला असं तुम्ही म्हणता, मी ते पानावर लिहिते, आग्नेल गेला, मापं थांबली, पण जेवढी घेतली तेवढी इथे दिसतील. आणि फोन ठेवून दिला. एवढं बोलले खरं, पण त्यांच्या बोलण्यातला एक काटा रुतून बसला होता. पुढची मापं घेणार कोण? मी मालवणात, दुकान सोडून दर महिन्याला वाडीभर मी फिरणार आहे का? थांबलेल्या रेघेकडे बघून ग्रामसभेत कुणीही म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली.

आणि काल दुपारी रोझी आली. दुकानाच्या दारात उभी राहिली, आत येईना. हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तुझा मीटर. तुझ्या स्कूटरच्या डिकीत होता.

"ह्या कसा चलवतत?" एवढंच म्हणाली.

मी दुकान बंद केलं. तिच्याबरोबर तारकर्लीला गेले, तिच्या मागच्या दारच्या बावेवर. तिने कळशी सोडली, ओढली. मी तिला दाखवलं, आधी मीटर धुवायचा, मग बुडवायचा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. आकडा चढत गेला तसा तिचा चेहरा उतरत गेला. मी फोनवर माप भरलं. माप कोणी घेतलं या जागी इतके दिवस तुझंच नाव असायचं. मी तिच्याकडे बघितलं. "रोझी लिव," ती म्हणाली. मी लिहिलं, आणि थांबलेली रेघ पुढे सरकली. तो स्रोत राहिलाय, आग्नेल. सांग तुझ्या अध्यक्षांना!

मग तिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि स्वतःच बटण दाबत बसली. कार्यालय, तू, परत कार्यालय. तिसरं बटण दाबलं तेव्हा तिच्या विहिरीखाली शब्द आला, गोड. ती बघतच राहिली.

"तेका ठाऊक होता?"

"तुझ्या हातचो बाटलीतल्या पाण्याचो च्या पिऊन गेललो तो."

ती हसायला लागली, आणि हसता हसता कळशीच्या काठावर डोकं टेकून रडायला लागली. सभेत रडली नव्हती तेवढी रडली. मग पदर नव्हता म्हणून बाहीनं तोंड पुसलं आणि म्हणाली, "खारा लिव."

"पाहुणे बघतले गो."

"बघांदेत. तेंका बाटली देतंय मी. बावेक कित्याक खोटा बोलूक लावू?" मग म्हणाली, "आणि तो फोटो नको. टाय तेका कधी आवडलो नाय. फोटो नको, बटण रवांदे."

जुना 'गोड' मी पुसला नाही, तो त्या दिवसाचा आहे. त्याच्यापुढे कालची तारीख घालून 'खारट' लिहिलं. आज सकाळपासून वाडीतून दोघींनी रोझीला विचारलंय, आमचाही शब्द बदलून मिळेल का? ग्रामसभेत हेच पान उघडणार, तिन्ही बटणांसकट, आणि उघडणार मी. कुणाला काय बोलायचं ते तिथे बोलू दे.

फक्त एक अडलंय. त्या दिवशी सगळ्यांपुढे तिसरं बटण दाबलं की रोझीचा हा 'खारट' दिसायला तर हवा. नुसता नावाखाली ठेवला तर कुणाच्या लक्षात येणार नाही, म्हणजे पट्टीवर घ्यावा लागणार. पण किती उंच? मी अजूनही तेच म्हणते, शब्दाला उंची नसते. माझं बोलून झालं. आता तू हेल्मेट आदळायचंस, स्क्रीनवर बोट आपटायचंस. मी कधीची वाट बघतेय. बोल ना रे.